वेडा असल्याचा दाखला

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

ही गेली त्याला आज दोन दिवस झाले. गेली म्हणजे थोरल्या बहिणीकडे गेली, चार बस स्टॉप पलीकडे. लेकीलाही घेऊन गेली. तात्पुरतं आहे. बॅगेत स्वेटर नेलेले नाहीत, म्हणजे थंडीच्या आत परत येणार. (पुरावा क्र. १.)

आजपासून रोजनिशी. हेतू: झालेल्या गोष्टींची तटस्थ नोंद. मी सव्वीस वर्षं कोर्टात स्टेनो आहे. मिनिटाला एकशेवीस शब्द, चूक शून्य. तटस्थ नोंद मी नाही करणार तर कोण करणार.

घडलं ते असं. सासूबाई जुलैत वारल्या. हॉस्पिटलमधून परतल्यावर ही स्वयंपाकघरात जमिनीवरच बसली आणि बराच वेळ बोलत राहिली. मी समोर होतो. घरातलं महत्त्वाचं बोलणं मी शॉर्टहँडमध्ये पॅडवर उतरवून ठेवतो. लग्नापासूनची सवय. पुढे 'मी असं म्हणालेच नव्हते' हा वाद नको. त्या दिवशीच्या पानावर हिचं वाक्य आहे: शेवटच्या दिवशी आई हाक मारत होती आणि मी बाहेर फोनवर होते.

परवा शनिवारी हीच थोरली मेहुणी आमच्याकडे आली होती. तिला ही सांगत होती, शेवटच्या दिवशी मी आईजवळच बसले होते, आई माझ्याशी पुष्कळ बोलली, हसलीसुद्धा. दोन जबान्यांत उघड विसंगती. मी पॅड आणलं, तारखेवरून पान काढलं आणि वाचून दाखवलं. आवाज चढवला नाही. अवघ्या चार ओळी होत्या.

मेहुणी उठून गॅलरीत गेली. ही बॅग भरायला गेली.

निघताना दारात म्हणाली, "तुम्ही वेडे असता ना, तर मी थांबले असते. वेड्याला कळत नाही. तुम्हाला सगळं कळतं. तुम्हाला फक्त काही होत नाही."

शब्दशः आहे. पॅड दाराच्या चौकटीला टेकवून घेतलं.

५ सप्टेंबर, मंगळवार

संकल्प. एक, आपण होऊन फोन करायचा नाही. चूक तिची असताना नमतं घेतलं की पायंडा पडतो. दोन, घर आरशासारखं लख्ख ठेवायचं. तीन, वजन.

संध्याकाळी ७.००. फोन केला. उचलला नाही. वॉशिंग मशीनचा दरवाजा कसा उघडतात एवढंच विचारायचं होतं, तेव्हा हा फोन संकल्पात धरायचा नाही.

शर्ट अजून आतच आहेत.

६ सप्टेंबर, बुधवार

लेकीचा फोन. अकरावीत आहे, पण बोलते वकिलासारखी. हिच्या ऑफिसने हिला बदली देऊ केली आहे. ही पाणी तपासायच्या लॅबमध्ये काम करते. नवी लॅब सहा तासांवरच्या गावात. याआधी दोनदा हिने नाही म्हटलं होतं, माझ्यासाठी. ते मला माहीत नव्हतं. या वेळी होय की नाही ते २९ तारखेपर्यंत कळवायचं. होय म्हटलं तर लेकही जाणार.

मी विचारलं, आईचा कल कुठे आहे. लेक म्हणाली, बाबा, तिने स्वेटर मागवलेत, शुक्रवारी न्यायला येते.

पुरावा क्र. १ रद्द.

दुपारी डिक्टेशन घेताना 'फिर्यादी'च्या जागी दोनदा 'सहा तास' लिहिलं. वेळीच खोडलं. चूक शून्य कायम.

७ सप्टेंबर, गुरुवार

आजपासून एका जुन्या खटल्यात तज्ज्ञाची साक्ष. आरोपी घड्याळं दुरुस्त करणारा, पंचेचाळिशीचा. शेजारच्या सुताराच्या वर्कशॉपला याने आग लावली, मग स्वतःच फायर ब्रिगेडला फोन करून पूर्ण पत्ता दिला, पिनकोडसकट, आणि बंब येईपर्यंत फुटपाथवर खुर्ची टाकून बसला. कुणी मेलं नाही. सुताराचा धंदा मात्र पार बसला. कारण काय, तर करवतीचा आवाज यायचा. एवढं सांगून आरोपीने तोंड मिटलं ते दीड वर्ष उघडलेलं नाही. पिंजऱ्यात बसून कोर्टाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत असतो. ते चार मिनिटं मागे आहे.

बचावाचे वकील म्हणतात, माणूस वेडा आहे. सरकारी वकील म्हणतात, वेडा कसला, पक्का सायकोपॅथ.

साक्षीला मानसोपचाराच्या डॉक्टरबाई. बुटक्या, आवाज बारीक, पण वाक्यं अशी सुटसुटीत की घेताना हाताला सुख. त्या म्हणाल्या, 'वेडा' हा शब्द डॉक्टरांचा नाही, कोर्टाचा आहे. आजारामुळे ज्याला आपण काय करतो आहोत तेच कळत नाही, किंवा ते चूक आहे हे कळत नाही, त्याला कोर्ट वेडा म्हणतं. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं या अर्थाने वेडी नसतातच. सायकोपॅथची गोष्ट उलटी. त्याची बुद्धी ठणठणीत असते. नियम तोंडपाठ असतात. समोरच्याला दुखतं आहे हे त्याला दिसतं. "सगळं कळतं, पण आत काही होत नाही."

माझा हात थांबला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. हे वाक्य मी पाच दिवसांपूर्वी उभ्याने लिहून घेतलं होतं.

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. साहेब म्हणजे आमचे न्यायाधीश. मी पेन्सिल बदलल्यासारखं केलं.

८ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ६.४०

विचार पूर्ण झाला. हिला मी सायकोपॅथ वाटतो. हिच्या मनातला गैरसमज नेमका सापडला, हे एका परीने बरंच झालं. घोडं कुठे पेंड खातं ते कळलं की अर्धं काम होतं.

आता कायदा काय सांगतो? सायकोपॅथला सवलत नाही. वेडा असेल तर निर्दोष. आणि हिने दारातल्या जबानीत हे तत्त्व मान्य केलेलं आहे: वेडे असता तर मी थांबले असते. सबब, मी वेडा आहे एवढंच सिद्ध करायचं. एकवीस दिवस आहेत. भरपूर झाले.

संध्याकाळी ६.००. लेक स्वेटर घेऊन गेली. माझाही एक चुकून गेला. मुद्दाम नेला असेल का? नोंद करून ठेवतो, निष्कर्ष काढत नाही.

११ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरबाईंच्या साक्षीतून वेडाची लक्षणं वेगळी काढली. फुलस्केपची दोन पानं झाली. मला शोभतील अशी तीन निवडली. भास होणं नको, त्यात बारकावे फार. एकट्याने मोठ्याने बोलणं जमेल. कपड्यांचं भान नसणं जमेल. झोप न लागणं आपोआपच चालू आहे.

साक्षीदार लागतील. शेजारचे रिटायर्ड ड्राफ्ट्समन चोख माणूस, त्यांचं म्हणणं कुणीही मानेल. उद्यापासून रोज ६.३० ते ६.४५ त्यांच्या समोरच्या बाल्कनीत एकट्याने बोलायचं.

१३ सप्टेंबर, बुधवार

बाल्कनीत पंधरा मिनिटं बोललो. विषय सुचेना म्हणून 'शपथेवर खरं सांगेन' पासून एक जुनी जबानी म्हणून दाखवली. हातवारेही केले. शेजारी कठड्याशी उभे राहून सगळं बघत होते. संपल्यावर म्हणाले, तुमचा फोन झाला असेल तर शिडी देता का?

कानाला काहीच नव्हतं माझ्या. आजकाल एकट्याने बोलणारा माणूस वेडा वाटतच नाही. काळ फार वाईट आला आहे.

शिडी दिली.

१६ सप्टेंबर, शनिवार

आज थेट मेहुणीच्या घरी. डाव्या पायात काळा बूट, उजव्यात तपकिरी. बसमध्ये कुणी ढुंकून पाहिलं नाही. पण दार मेहुणीनेच उघडलं आणि तिची नजर खाली गेली. तिने आत वळून हिला हाक मारली, बघ गं, तुझ्यावाचून यांना बुटांची जोडीसुद्धा सापडत नाही.

ही बाहेर आली. हाताला कणीक. माझ्या पायांकडे बघत राहिली. चौदा दिवसांनी हिचा चेहरा जवळून पाहिला. बारीक झाली आहे. आणि तो चेहरा, कसं लिहू, तो जरा सैल पडला. म्हणाली, जेवता तरी का नीट?

इथे मी गप्प बसायला हवं होतं.

पण नोंद चुकीची होत होती. मला जोडी सापडत नाही असं नव्हतंच. दोन्ही जोड्या रॅकवर शेजारी शेजारी असतात. खोटी नोंद राहू देणं माझ्या रक्तात नाही. मी सांगितलं, सापडत नाही असं नाही, मुद्दाम घातले.

मेहुणीने विचारलं, मुद्दाम कशाला? मी म्हणालो, तुमच्या मनावर परिणाम व्हावा म्हणून.

हिचा चेहरा पुन्हा दाराच्या फळीसारखा झाला. हात दाखवून अवलक्षण. हात कसले, पाय.

परतताना बस स्टॉपवर एका म्हाताऱ्याने बूट पाहिले आणि उठून बसायला जागा दिली. आता काय उपयोग.

१७ सप्टेंबर, रविवार

लेकीचा फोन. आई काल जेवली नाही, म्हणाली. मग म्हणाली, बाबा, वॉशिंग मशीनवर तुमचं वेळापत्रक चिकटवलेलं मी स्वेटर न्यायला आले तेव्हाच पाहिलं होतं. 'सोम ते शुक्र, वेड.' वेडी माणसं वेळापत्रक करत नाहीत, आणि केलंच तर त्यात चहाची सुट्टी ठेवत नाहीत.

मी म्हणालो, ते ८ तारखेचं होतं, कच्चं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईला एकदा तरी विचारलंत का, आजी गेली त्या दिवशी काय झालं?

मी म्हणालो, विचारायचं काय, माझ्याकडे लिहिलेलं आहे.

तिने फोन ठेवला. लाइन गेली असेल.

१९ सप्टेंबर, मंगळवार

बारा दिवसांनी डॉक्टरबाईंची उलटतपासणी. बचावाचे वकील म्हणाले, ज्याने स्वतः आग लावून स्वतः बंब बोलावला तो वेडा नाही तर कोण? डॉक्टरबाई म्हणाल्या, ज्याने पिनकोड सांगितला त्याला आपण कुठे आहोत आणि काय चाललं आहे हे कळत होतं. मग वकिलांनी विचारलं, म्हणजे तो सायकोपॅथ? त्या म्हणाल्या, एका कृत्यावरून मी तसं म्हणणार नाही, त्यासाठी आयुष्यभराचं वागणं बघावं लागतं. शितावरून भाताची परीक्षा माणसाच्या बाबतीत करता येत नाही.

आयुष्यभराचं वागणं. मी मनातल्या मनात आमच्या लग्नाची एकोणीस वर्षं काढली. पॅडं माळ्यावर आहेत, एकशे बारा. कुठल्याही पानावर मी हिला काही विचारलेलं नाही. सगळी उत्तरंच आहेत.

हे मला आवडलं नाही. चहा प्यायला गेलो.

२० सप्टेंबर, बुधवार

कालची उलटतपासणी टाइप करून ठेवली. एकोणतीस पानं. उद्या डॉक्टरबाई वाचून सही करतील. आमच्याकडे तशी पद्धत आहे: साक्षीदाराला त्याची जबानी वाचायला देतात, प्रत्येक पानावर सही घेतात, शेवटी 'वाचली, बरोबर आहे'. सव्वीस वर्षांत माझ्या पानांवर एकाही साक्षीदाराने काट मारलेली नाही.

डोकं जड. नऊ दिवस राहिले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, तरी टाइपिंग कसं लोण्यासारखं झालं. शिस्त म्हणतात ती हीच.

२१ सप्टेंबर, गुरुवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

अकरा वाजता डॉक्टरबाई पानं वाचायला बसल्या. सह्या करत सतराव्या पानापर्यंत आल्या आणि थांबल्या. परत वाचलं. मग साहेबांना म्हणाल्या, इथे एक प्रश्न आहे जो मला दोन्हीपैकी कुणी विचारला नव्हता.

साहेबांनी पान मागवलं. आणि वाचलं. मोठ्याने, भर कोर्टात:

"प्रश्न: अशा माणसाची बायको परत येते का? उत्तर: साक्षीदार गप्प."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. बचावाचे वकील रुमालात तोंड घालून बसले. साहेबांनी मला विचारलं, हे काय आहे? मी उभा राहिलो. सव्वीस वर्षांत मी त्या खोलीत कधी बोललोच नव्हतो. माझा आवाज कसा लागतो ते तिथे कुणाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. तोंडातून काही आलं नाही.

तेवढ्यात पिंजऱ्यातून आवाज आला. दीड वर्ष न बोललेला आरोपी. घड्याळावरची नजर न काढता म्हणाला, "नाही येत."

साहेबांनी टेबलावर हात आपटला. हे नोंदवू नका, म्हणाले. माझ्या हाताने तोवर नोंदवलं होतं.

दुपारी हेडक्लार्कने रजेचा कागद पुढे केला. सक्तीची रजा, दोन आठवडे. माझ्या टेबलावर रेकॉर्डिंगचं मशीन ठेवलं. त्यावर लाल दिवा लागतो. पुसायचं फडकंही माझंच घेतलं.

२२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ५.५०

झोपलो नाही, पण एकदम प्रकाश पडला. अहो, हाच तर पुरावा. तो प्रश्न मी टाइप केला आणि मला पत्ता नाही. काय करतो आहोत ते कळत नव्हतं. डॉक्टरबाईंची व्याख्या, शब्दाला शब्द. भर कोर्टात सिद्ध झालं, न्यायाधीशांसमोर. एवढा पुरावा तर आरोपीकडेही नाही.

पॅड काढतो. शॉर्टहँडमध्ये तो प्रश्न नसणारच. म्हणजे टाइप करताना भान हरपलं, हे पक्कं होईल.

६.१५. पॅडवर आहे. स्वच्छ. सुबक. 'गप्प'च्या खाली दुहेरी रेघ ओढली आहे.

रेघ ओढल्याचं आठवतं आहे.

२५ सप्टेंबर, सोमवार

आता एकच माणूस उरला. साक्ष संपली आहे, तेव्हा डॉक्टरबाईंशी बोलायला बंदी नाही. त्यांच्या दवाखान्यात गेलो. बाहेर बाकावर चाळीस मिनिटं. भिंतीवर माशांचं चित्र.

सरळ सांगितलं: मला वेडा असल्याचा दाखला हवा आहे, शुक्रवारच्या आत. त्या हसल्या नाहीत. कशासाठी, विचारलं. मी सगळं सांगितलं. पॅडं, सासूबाई, दारातलं वाक्य, बूट. पॅड बरोबर नेलं होतं, उतारे वाचून दाखवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, बायको दारातून गेली तेव्हा तुम्हाला काय वाटलं?

मी पान पाहिलं. ते नोंदवलेलं नव्हतं. तसं सांगितलं.

त्या म्हणाल्या, वेड्याचा दाखला देता येणार नाही, तुम्हाला सगळं कळतं. माझी पाचावर धारण बसली. मी म्हणालो, म्हणजे मी तो दुसरा. त्या म्हणाल्या, तो दुसरा तीन आठवडे जागा राहत नाही, आणि बायको परत यावी म्हणून माझ्या दारात रडत बसत नाही.

मी रडत नव्हतो. गाल ओले होते, ते खरं आहे.

मग मी कोण, म्हणून विचारलं. वेडा नाही, सायकोपॅथ नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. त्या म्हणाल्या, "बायको बोलते तेव्हा तुम्ही लिहिण्याच्या आड बसता. गुरुवारी तिच्याकडे जा. पॅड नेऊ नका. विचारा, आणि ऐका. एवढंच औषध आहे." आणि दर आठवड्याला यायला सांगितलं. फाइल उघडली. वर माझं नाव, खाली रोगाच्या रकान्यात रेघ.

२६ सप्टेंबर, मंगळवार

ऐकण्याचा सराव. रेडिओ लावून हात मांडीखाली दाबून बसलो. बातम्या संपल्या. काय होत्या आठवेना. एक पूल कुठेतरी, एवढंच.

उद्या जास्त.

२७ सप्टेंबर, बुधवार

हिला फोन केला. उचलला. म्हणालो, उद्या येऊ का, मला विचारायचं आहे, आई गेली त्या दिवशी काय झालं. मग म्हणाली, या. पाच वाजता या.

आवाज सैल होता. स्पष्ट ऐकलं, सैल होता. वॉशिंग मशीनचा दरवाजा आज शेजाऱ्यांनी उघडून दिला. तीन आठवडे आत राहिलेले शर्ट फेकले, एक वाचला. त्याला इस्त्री केली. दोन्ही बूट काळे.

आता काही चुकायला जागाच नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार. संध्याकाळी ८.२०

गेलो. पॅड नाही, पेन नाही, खिसेसुद्धा रिकामे केले होते. मेहुणी चहा ठेवून आतल्या खोलीत गेली. लेक टेबलाशी अभ्यास करत होती, म्हणजे पुस्तक उघडून बसली होती. ही समोरच्या खुर्चीत बसली.

मी विचारलं. आधी घसा साफ केला, मग विचारलं.

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मी कुणालाच सांगितलेलं नाही. ताईलाही खोटंच सांगितलं. तुम्हाला सांगते, पण मध्ये बोलू नका."

मी बोललो नाही. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून तिने सुरुवात केली. कुठल्या तरी नर्सचं सांगितलं. मग आईने हाक मारली तिथपर्यंत आली, आणि तिचा आवाज कापायला लागला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. एक क्षण नजर हलवली नाही. मला वाटत होतं, झालं, जमलं, हेच ते ऐकणं. डॉक्टरबाईंनी बघायला हवं होतं.

तेवढ्यात ती थांबली. तिची नजर माझ्या मांडीवर होती. मीही खाली बघितलं. माझं उजवं बोट गुडघ्यावर चाललं होतं. पँटवर, शॉर्टहँडमध्ये, तिच्या आवाजाच्या वेगाने. केव्हापासून, देव जाणे.

मला त्याचा पत्ताच नव्हता. खरंच नव्हता, शपथेवर.

आणि इथे माझं डोकं फिरलं. आनंदाने. मी ताडकन उठलो आणि म्हणालो, "बघितलंस? मला कळतच नव्हतं मी काय करतोय ते. हीच व्याख्या आहे. मी वेडा आहे, वेडा. सायकोपॅथ नाही."

लेकीने पुस्तक मिटलं. हिचे डोळे भरलेले होते, ते तसेच राहिले. ती उठली नाही, ओरडली नाही. चहाच्या कपावर बशी झाकली. म्हणाली, "जा आता तुम्ही. गार होतं आहे बाहेर."

गार नव्हतं.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसलो. चार वाजता लेकीचा मेसेज. आईने होय कळवलं. रविवारी सकाळची दहाची बस.

वाचवलेला शर्टही अंगावर घालवेना.

१ ऑक्टोबर, रविवार

बस स्टँडवर गेलो होतो. दोन बॅगा मी चढवल्या, एवढं करू दिलं. लेकीने मिठी मारली, कानात म्हणाली, बाबा, डॉक्टरांकडे जात राहा. ही खिडकीशी बसली होती. निघताना हात हलवला. मला की बसखाली उभ्या असलेल्या बहिणीला, ते सांगता येत नाही. मध्ये खांब होता.

घरी आलो. छातीत डावीकडे काहीतरी होतं आहे. दुखणं नाही, पण होतं आहे. एवढे दिवस कुठे होतं, कुणास ठाऊक.

दुपारी एकदम वाटलं, आईने हाक मारल्यावर पुढे काय झालं ते हिने सांगितलंच नाही. सांगायच्या बेतात होती. आणि हाकेपर्यंतचं जे सांगितलं, त्यातलं मला नर्सपलीकडे काही आठवत नाही. बोटाने सगळं लिहिलं होतं. पँट उजेडात धरून पाहिली.

संध्याकाळी ६.०५. बस पोचली असेल म्हणून फोन केला. लेकीने घेतला. खोली बरी आहे म्हणाली, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते. मी म्हणालो, आईला दे, मला काही सिद्ध करायचं नाही, त्या दिवशी पुढे काय झालं एवढंच तिच्याकडून ऐकायचं आहे. ती म्हणाली, आई सामान लावते आहे, बघते. मी म्हणालो, काही घाई नाही, मी थांबतो.

कानाला फोन लावून थांबलो. भांड्यांचा आवाज येतो आहे असं वाटत होतं. चौदा मिनिटं थांबलो. मग फोन कानापासून काढून बघितला. तो केव्हाच बंद झाला होता. भांडी शेजाऱ्यांकडे वाजत होती.